चारशे अठरा जणांची माघार

स्थलांतर खात्याच्या पत्रकार परिषदेला गेली की टाचणी नेहमी कडेची खुर्ची धरायची. समोर बसलं तर प्रवक्त्याचा चेहरा दिसतो. कडेला बसलं तर त्याच्या मागे भिंतीला टेकून उभे असलेले कारकून दिसतात, आणि साहेब काही फुगवून सांगायला लागले की त्याची पहिली चाहूल कारकुनांच्या तोंडावर लागते, असा तिचा अनुभव होता. टाचणी हे अर्थात तिचं खरं नाव नव्हतं. सतरा वर्षं ती एका मोठ्या दैनिकात होती, तिथल्या मंडळींनी ते ठेवलेलं. प्रत्येक वाक्यामागे एक कागद टाचल्याशिवाय ही बाई बातमी हातची सोडत नाही, म्हणून टाचणी. शिवाय अंगकाठीही तशीच. नाव चिडवायला ठेवलं होतं, पण तिला ते मनापासून आवडलं आणि चिडवणाऱ्यांचा विरस झाला.

जुलैचे दिवस होते. प्रवक्ता त्या सकाळी खुशीत होता. आश्रय मागणाऱ्यांसाठी केलेला नवा नियम जानेवारीत लागू झाला, त्याला सहा महिने झाले आणि एवढ्यात चारशे अठरा अर्जदारांनी स्वेच्छेने माघार घेतली, असं त्याने वाचून दाखवलं. ‘स्वेच्छेने’वर जरा जोर दिला. जीव वाचवायला आलो म्हणणारे चारशे अठरा लोक, आता नीट चौकशी होणार म्हटल्यावर आपणहून मागे सरले, असा त्याच्या बोलण्याचा रोख. बाकीच्या वार्ताहरांनी आकडा टिपून घेतला. मागे उभी असलेली चष्मेवाली कारकून मात्र एकदम स्वतःच्या बुटांकडे बघायला लागली.

टाचणीने हात वर केला. “स्वेच्छेने म्हणजे त्यांनी तसं लिहून दिलंय का?”

“मॅडम, नियम स्पष्ट आहे. मुलाखतीचं पत्र गेल्यावर एकवीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं.”

“म्हणजे ते नको म्हणाले नाहीत. गप्प राहिले.”

“गप्प राहणं हेही एक उत्तरच असतं,” प्रवक्ता हसून म्हणाला. दोन-चार जण त्याच्याबरोबर हसले.

“पत्र त्यांच्या हातात पडलं होतं का?”

“पत्रं रजिस्टर टपालाने जातात. पुढचा प्रश्न.”

दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या मोठ्या वृत्तपत्रांत आकडा पहिल्या पानावर होता. मजकूरही थोड्या फार फरकाने तोच. टाचणीला त्याचं नवल वाटलं नाही. खात्याच्या पत्रकाला मथळा चिकटवला की झाली बातमी, हा कारभार पटेना म्हणून तर तिने दैनिक सोडलं होतं, आणि मास्तरांच्या पाक्षिकात आली होती. मास्तर म्हणजे संपादक. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. रबर चिकटवण्याच्या सोल्यूशनचा वास जिन्यावरून थेट वर यायचा, तो आता कुणाच्या नाकाला जाणवतही नव्हता. पाक्षिक ना कुठल्या पक्षाचं, ना कुठल्या संस्थेचं. वाचक दोन हजार शंभर, पण खडूस. स्वल्पविराम चुकला तरी पत्र लिहिणारे.

मास्तरांनी तिची वही वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “वर्गात चाळीस पोरांनी एकच प्रश्न कोरा सोडला, तर मी पोरांना रागावत नसे. आधी फळ्यावर प्रश्न नीट लिहिलाय का ते बघत असे. तुम्ही फळा बघून या.”

फळा बघायचा तर आधी पोरं शोधायला हवीत. टाचणी गेली वकीलबाईकडे. ही तिची कॉलेजातली मैत्रीण. एका बंद पडलेल्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये ती आश्रयार्थींना फुकट कायदेशीर मदत द्यायची. भिंतीवर अजून दोरखंड लटकलेले होते आणि एका कोपऱ्यात खटल्यांच्या फायली कसरतीच्या गाद्यांवर रचून ठेवलेल्या होत्या.

“माघार?” वकीलबाई म्हणाली. “माझ्याकडे तीन माणसं आलीत. तिघांनाही खिडकीवर जाईपर्यंत पत्ता नव्हता, की आपण माघार घेतलीय.”

त्या तिघांतला एक शिंपी होता. चाळिशीचा, बारीक बोलणारा. तीन वर्षांपूर्वी आलेला. आता एका इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी इस्त्री करायचा. ओळखपत्राची मुदत वाढवायला तो खात्याच्या खिडकीवर गेला, तर आतल्या मुलीने संगणकात बघून सांगितलं की तुमचा अर्जच नाही.

“ती म्हणाली, तुम्ही माघार घेतलीत. म्हटलं, कधी? ती म्हणाली, एप्रिलमध्ये. म्हटलं, ताई, मला न विचारता मी माघार कशी घेतली?” शिंपी सांगत होता. “ती बिचारी पण गोंधळली. म्हणाली, इथे तसं लिहिलंय.”

शिंपी हिवाळ्यापर्यंत जुन्या निवाऱ्यात राहत होता. पाच मजली इमारत, एका खोलीत सहा खाटा. फेब्रुवारीत खात्याने ती इमारत रिकामी केली. सगळ्यांना बसमध्ये घातलं आणि तीन वेगवेगळ्या गावांतल्या निवाऱ्यांत नेऊन सोडलं. पत्रं गेली मार्चमध्ये. वकीलबाईने अर्ज करून शिंप्याच्या फाईलची नक्कल मिळवली होती. त्या नकलेत मुलाखतीचं पत्र होतं, मग एका पाकिटाच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत, मग अर्ज बंद केल्याचा आदेश. पाकिटावर पत्ता जुन्या निवाऱ्याचा होता आणि त्यावर शिक्क्यांची गिचमीड.

“या शिक्क्यांचं काय करायचं, मला कळत नाही,” वकीलबाई म्हणाली.

“मला पण नाही,” टाचणी म्हणाली. “पण ज्या बाईला कळतं, ती माझ्या घरी राहते.”

ती बाई म्हणजे आत्या. टाचणीचे आईवडील लवकर गेले, तिला आत्यानेच वाढवलं. आत्याची सगळी नोकरी टपालखात्यात गेली, त्यातली एकोणीस वर्षं नुसती परत आलेल्या पत्रांच्या टेबलावर. गुडघे कामातून गेले होते, पण नजर शाबूत होती आणि जीभ तर त्याहून शाबूत. शनिवारी दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर टाचणीने ती छायाप्रत तिच्यासमोर ठेवली. आत्याने भाजी चिरायची सुरी बाजूला सारली, हात पुसले, भिंग घेतलं.

“हे परत आलेलं पत्र आहे,” ती लगेच म्हणाली.

“कशावरून?”

“हा गोल बघ. गोलात आकडा आहे. पोस्टमन पत्र देऊ शकला नाही, की कारणाचा आकडा टाकतात. एक म्हणजे पत्ता अपुरा. दोन म्हणजे दारावर कुणी भेटलं नाही, चिठ्ठी ठेवली, तरी मुदतीत कुणी न्यायला आलं नाही. तीन म्हणजे घ्यायला नकार. चार म्हणजे इमारत बंद. हा चार आहे.”

“नक्की चार?”

“पोरी, मी आयुष्यात जितके चार बघितलेत, तितक्या तू पोळ्या खाल्ल्या नसशील.” आत्याने भिंग खाली सरकवलं. “आणि हा खालचा चौकोनी शिक्का टपालाचा नाही. हा ज्याने पत्र पाठवलं त्याच्या कचेरीचा. परत मिळालं, म्हणून मारलेला. तारीख आहे. एकोणतीस मार्च.”

टाचणीने छायाप्रत स्वतःकडे ओढली. खात्याची शिस्त दांडगी होती. परत आलेलं पाकीट कुणीतरी नियमाप्रमाणे घेतलं, शिक्का मारला, छायाप्रत काढली, फाईलला लावली. आणि तीन आठवड्यांनी, त्याच फाईलमध्ये, त्या पाकिटाच्याच वर, दुसऱ्या कुणीतरी लिहिलं की अर्जदाराने स्वेच्छेने माघार घेतली आहे.

“म्हणजे पत्र पोचलं नाही, हे खात्याला माहीत होतं,” ती म्हणाली.

“खात्यातल्या एका टेबलाला माहीत होतं,” आत्या म्हणाली. “दुसऱ्या टेबलाला होतं की नाही, ते तू शोध. कचेरीत दोन टेबलांमध्ये समुद्र असतो.”

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, “‘आत्या म्हणतात’ हा काही पुरावा होत नाही.” टाचणीला राग आला नाही. हेच ऐकायची तिची तयारी होती. तिने टपालखात्याला रीतसर पत्र लिहिलं, आणि आठ दिवसांत तिथल्या अधीक्षकाने कारणांच्या आकड्यांचा छापील तक्ता सहीशिक्क्यानिशी पाठवून दिला. चारसमोर लिहिलं होतं : इमारत बंद किंवा रिकामी. तिने तो तक्ता आत्याला दाखवला. आत्याने एक नजर टाकली आणि म्हणाली, “छपाई सुधारलीय.”

पण एका पाकिटावर चारशे अठरा माणसं उभी राहत नाहीत. पुढचे नऊ आठवडे टाचणीने पायाला भिंगरी बांधली. तिन्ही गावांतले निवारे पालथे घातले. एक कारखान्याच्या जुन्या गोदामात होता, एक रेल्वेच्या वसाहतीत, एक बंद शाळेत, जिथे मोठी माणसं अजून लहान मुलांच्या बाकांवर बसून जेवत होती. ती जायची, चहा प्यायची, सांगायची की मी वकील नाही, खात्याची नाही, संस्थेची नाही, माझ्यामुळे तुमचा अर्ज मंजूर होईल असं समजू नका. फाईलची नक्कल मागायचा हक्क तुम्हाला आहे, एवढं मला ठाऊक आहे. मागितलीत आणि मला दाखवलीत तर मी वाचेन. काही जण दार लावून घ्यायचे. काही जण दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करायचे. काहींचा फोन लागेपर्यंत ते कुठे गेले तेच कळायचं नाही. सप्टेंबर संपता संपता तिच्याकडे एकाहत्तर फायली जमल्या.

त्यांतली एक सुताराची होती. शाळेच्या मैदानात तो कुणाचं तरी कपाट दुरुस्त करत होता. पन्नाशीचा, रुंद पंजाचा. त्याच्या फाईलमध्ये पाकीट नव्हतं, पोच होती, आणि पोचेवर त्याची सही.

“पत्र मिळालं होतं तुम्हाला?” तिने विचारलं.

“मिळालं. एक ओळखीचा माणूस जुन्या इमारतीत चौकीदार होता. त्याने पोस्टमनला माझा ठावठिकाणा सांगितला.”

“मग उत्तर का दिलं नाहीत?”

सुताराने रंधा खाली ठेवला. “बाई, चार वर्षं झाली. तिकडे भाऊ एकटा आहे. गावात आता गोळीबार नाही. भीती आहे, पण मला भीतीची सवय आहे, वाट बघायची नाही. मी पत्र तीन वेळा वाचलं आणि खिशात ठेवलं. पुढच्या महिन्यात जाणार.”

“म्हणजे तुम्ही खरंच माघार घेतलीत.”

“घेतली. आणि हे असंच लिहा. मला कुणी हाकललं असं लिहू नका. एवढा एक निर्णय माझा मी घेतलाय.”

तिने तसंच लिहून घेतलं, शब्दाला शब्द. त्याच्यासारखे आणखी चौघे निघाले. शिवाय दोघांना पत्र मिळालं होतं, पण भाषा कळली नाही, दाखवायचं कुणाला ते सुचलं नाही. उरलेली चौसष्ट पाकिटं परत आलेली. टाचणीने बातमीचा मसुदा लिहिला, चौसष्ट हा आकडा मथळ्यात घातला आणि मुद्रितं तपासायला आत्याकडे दिली. मुद्रितं तपासणं हे आत्याचं पाक्षिकातलं काम. त्यात तिने मास्तरांनाही कधी सोडलं नव्हतं.

दुपारी आत्याने हाक मारली. टेबलावर दोन पाकिटांच्या छायाप्रती वेगळ्या काढून ठेवलेल्या होत्या.

“ही दोन चार नाहीत. दोन आहेत.”

टाचणीने वाकून बघितलं. शिक्का फिसकटलेला होता, पण आत्याचं बरोबर होतं. ही दोघं जुन्या निवाऱ्यात राहत नव्हतीच, नातेवाइकांकडे राहत होती. दारावर चिठ्ठी ठेवली होती, ती कुणी बघितली नाही, किंवा उडून गेली, किंवा काय झालं देव जाणे.

“परत तर हीसुद्धा आलीत,” टाचणी म्हणाली.

“आली. पण इमारत बंद होती म्हणून नाही. यात चूक खात्याचीच, असं तू छातीठोकपणे सांगशील?”

“नाही.”

“मग बासष्ट लिही.”

तिने बासष्ट लिहिलं, आणि खाली वेगळं वाक्य : दोघांच्या बाबतीत काय झालं ते आम्हाला कळू शकलं नाही. मनातल्या मनात ती स्वतःवर चरफडली. दैनिकात सतरा आणि पाक्षिकात चार, अशी एकवीस वर्षं हेच काम करून घाई तिच्याकडून झालीच होती. पण हाताशी आत्या होती, आणि आत्याच्या हाताशी भिंग. त्यामुळे ती चरफड फार वेळ टिकली नाही.

खरी खडाजंगी झाली ती वकीलबाईशी. छापायच्या आधी, ज्यांनी फायली मिळवायला मदत केली त्यांना त्यांच्याबद्दलचा मजकूर दाखवायचा, अशी पाक्षिकाची पद्धत होती. व्यायामशाळेत उभ्याउभ्याच वकीलबाईने तो वाचला आणि कागद गादीवर ठेवला.

“सुतार कशाला घातलास?”

“तो आहे म्हणून.”

“तो आहे, हे मला माहितीय. त्याची फाईल मीच काढून दिली. पण तू हे छापलंस की खातं फक्त तेवढंच वाचून दाखवेल. बघा, त्यांच्याच पेपरात लिहिलंय, लोक स्वखुशीने परत जातायत. बासष्ट जणांचा गळा तू पाच जणांच्या दोरीने आवळतेयस.”

“पाच जण मी लपवले, आणि उद्या सुतार स्वतः कुणाला तरी म्हणाला की मला सगळं माहीत होतं, तर? मग बासष्टांवर कोण विश्वास ठेवेल?”

“तू कुणाच्या बाजूने आहेस, ते एकदा सांग.”

“तुझ्या बाजूची मैत्रीण मी आहेच,” टाचणी म्हणाली. “बातमी तुझ्या बाजूची नाही. त्यांच्या बाजूचीही नाही. म्हणूनच ती तुझ्या उपयोगाची आहे.”

वकीलबाईचा चेहरा लाल झाला. “मग माझ्या अशिलाचं पाकीट छापू नकोस. शिंप्याचं. मी परवानगी देत नाही.”

शिंपी तिथेच होता, दाराजवळच्या बाकावर आपल्या पाळीची वाट बघत. दोघींनाही वाटलं होतं की त्याचं लक्ष नाही. तो उठून जवळ आला.

“वकीलताई, रागावू नका,” तो म्हणाला, “पण पाकिटावर नाव माझं आहे. मी तो कागद पन्नास जणांना दाखवला. कुणी म्हणालं वाईट झालं, कुणी म्हणालं देव बघतोय. या बाईंनी शिक्का वाचला. छापू द्या त्यांना. त्या सुताराचंही छापू द्या. तो माझ्या शेजारच्या खाटेवर होता. तो खोटं बोलत नाही, आणि मीही नाही.”

 वकीलबाईने कागद उचलून टाचणीच्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. पुढचे दोन आठवडे तिने टाचणीचा फोन उचलला नाही.

खात्याला टाचणीने अकरा प्रश्न लेखी पाठवले होते आणि उत्तराला दहा दिवस दिले होते. नवव्या दिवशी प्रवक्त्याचा फोन आला. आवाजात लोणी.

“मॅडम, तुमचे प्रश्न अभ्यासपूर्ण आहेत. संचालकसाहेब स्वतः तुम्हाला मुलाखत द्यायला तयार आहेत. फक्त तुम्हाला. पण या महिन्यात शक्य नाही, पुढच्या महिन्यात. तोपर्यंत तुम्ही थांबावं, अशी विनंती.”

“पुढच्या गुरुवारी कायदेमंडळाच्या समितीपुढे साहेबांची सुनावणी आहे ना?”

“तो योगायोग आहे.”

“मी साहेबांची मुलाखत आनंदाने घेईन. या महिन्यात, पुढच्या महिन्यात, केव्हाही. अंक मात्र सोमवारी निघतो. तुमचं उत्तर उद्या आलं तर जसंच्या तसं छापू. काट मारणार नाही.”

“तुमचे वाचक किती, मॅडम? दोन हजार?”

“दोन हजार शंभर,” टाचणी म्हणाली. “आत्या धरून.”

उत्तर आलं, तीन ओळींचं. सर्व कार्यवाही नियमानुसार झाली आहे. त्यांनी ते जसंच्या तसं, चौकटीत छापलं.

सोमवारी अंक निघाला. पहिल्या पानावर शिंप्याचं पाकीट मोठं करून, गोलातला चार स्पष्ट दिसेल असं. शेजारी टपालखात्याचा तक्ता. आत चार पानं मजकूर, आणि तिसऱ्या पानावर, ठळक उपमथळ्याखाली, सुतार आणि ते चौघे. मंगळवार गेला, बुधवार गेला. मोठ्या वृत्तपत्रांत एक ओळ नाही. मास्तर शांतपणे पुढच्या अंकाचे कोष्टक आखत बसले. टाचणीलाही धीर सुटल्यासारखं वाटलं नाही. जे लिहिलं होतं त्यातलं प्रत्येक वाक्य तिने पायाने चालून जाऊन तपासलं होतं. ते आज वाचलं काय न् महिन्याने वाचलं काय, खोटं पडणार नव्हतं.

गुरुवारी ती समितीच्या दालनात गेली. तिथे वार्ताहरांना बसायला मागे एक लाकडी सज्जा होता. संचालक उंच, पिकल्या केसांचा, सभ्य गृहस्थ. अंकाचा विषय निघणार हे त्याला ठाऊक होतं, त्याने तयारीही केली होती.

“आश्रयार्थींची बाजू घेणाऱ्या एका गटाने वेचून काढलेली ही प्रकरणं आहेत,” तो म्हणाला. “अशा मंडळींना खात्याची फक्त चूक दाखवायची असते.”

समितीच्या अध्यक्षबाई सत्ताधारी पक्षाच्या, आणि हा नियम त्यांच्याच पक्षाने आणलेला. त्यांनी समोरचा अंक उघडला. पानांना पेन्सिलीच्या खुणा होत्या.

“मीही तेच समजून वाचायला घेतलं,” त्या म्हणाल्या. “पण तिसऱ्या पानावर एक सुतार आहे. तो म्हणतो, मी स्वतः माघार घेतली, मला कुणी हाकललं असं लिहू नका. दोन प्रकरणांत, काय झालं ते आम्हाला कळलं नाही, असं छापलंय. बाजू घेणारा माणूस हे छापेल का, साहेब?”

संचालक पाणी प्यायला.

“तेव्हा मी उरलेल्या बासष्टांबद्दल विचारते. ही पाकिटं तुमच्या कचेरीत परत आली. शिक्का तुमचा आहे. आत्ता ती पाकिटं कुठे आहेत?”

“मला माहिती घ्यावी लागेल.”

“घ्या. आम्ही बसलोय.”

संचालकाने मागे वळून बघितलं. मागच्या रांगेत तीच चष्मेवाली कारकून बसली होती, मांडीवर फायलींचा गठ्ठा. तिने उभं राहून, न अडखळता सांगितलं, “आवक विभागाच्या पोटमाळ्यावर आहेत. खोक्यांत. तारखेप्रमाणे लावलेली. मी तीन वेळा टिपण पाठवलं होतं.”

 मग सज्जात एकदम वह्यांची पानं उलटल्याचा आवाज झाला. मोठ्या वृत्तपत्रांचे वार्ताहर लिहायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी बातमी सगळीकडे होती. टाचणीच्या जुन्या संपादकाने फोन करून कौतुक केलं, आणि परत येतेस का म्हणून विचारलं. तिने आभार मानले आणि नाही म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी खात्याने खोकी मोजून समितीला कळवलं : चारशे अठरापैकी तीनशे एकसष्ट पत्रं परत आलेली होती. ते सगळे अर्ज पुन्हा उघडण्यात येत आहेत, आणि यापुढे पत्र परत आलं तर अर्जदाराचा पत्ता शोधल्याशिवाय अर्ज बंद होणार नाही. नियम तसाच राहिला. एकवीस दिवसही तसेच राहिले. मास्तरांनी ही दोन्ही वाक्यंसुद्धा पुढच्या अंकात पहिल्या परिच्छेदात घेतली, कारण त्यांच्या मते अर्धवट सुटलेल्या गणिताला पुरे गुण देता येत नाहीत.

त्या संध्याकाळी वकीलबाई सायकल दुकानाच्या जिन्यावरून धापा टाकत वर आली. हातात काही नव्हतं. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “सुताराबद्दल तुझं बरोबर होतं.”

“तुझी भीतीही खोटी नव्हती,” टाचणी म्हणाली. “दोन पेपरांनी फक्त सुतारच छापला.”

“बघितलं मी. एकाने तर त्याचा फोटोही शोधला.” वकीलबाई हसली. “माझ्याकडे आता तीनशे एकसष्ट लोक येणार. दुभाषे चार आहेत. तू माझ्यावर लिहिणार का आता, की वकीलबाई वेळेवर तारखा देत नाही?”

“नाही दिल्यास तर लिहीन.”

“वाटलंच,” ती म्हणाली, आणि चहा मागितला.

शिंप्याची मुलाखत डिसेंबरात झाली. टाचणी तेव्हा परगावी, गोदामातल्या निवाऱ्याजवळच्या शाळेत होती. निवाऱ्यातल्या मुलांची नावं पटावरून कमी होतात अशी तक्रार होती, आणि ती हजेरीपटांवरून बोट फिरवत बसली होती. तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, चार तास बसलो आत,” शिंपी म्हणाला. “दोन वेळा पाणी दिलं. दुभाषी चांगली होती.”

“काय विचारलं?”

“सगळं. दुकान कुठे होतं, कुणाचे कपडे शिवत होतो, आग कुणी लावली, बायको कधी गेली. मी विसरलो होतो असं वाटत होतं. पण विचारत गेले तसं एकेक आठवलं. दुकानाच्या दाराचा रंगसुद्धा.”

“आणि निकाल?”

“तीन महिन्यांत कळवतो म्हणाले. नवा पत्ता मी दोनदा लिहून दिला. तिथल्या बाईंनी माझ्यासमोर वाचून दाखवला, नंबरासकट.”

“मंजूर होईल असं वाटतं?”

“ते त्यांचं काम. माझं मी नीट केलं.”

टाचणीने त्याचं अभिनंदन केलं, घरी जाऊन आधी जेवा म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. समोर बसलेली मुख्याध्यापिका मघापासून घड्याळाकडे बघत होती. टाचणीने तिची माफी मागितली, वहीचं नवं पान उलटलं, वर तारीख घातली आणि विचारलं, “तर सप्टेंबरात इथे बारा नावं आहेत आणि ऑक्टोबरात तीन. मधल्या नऊ मुलांचं काय झालं, ते मला सावकाश सांगा. मला घाई नाही.”